शहर दाखवणारी मैत्रीण अचानक गप्प झाली तर

पत्र : ताई, मी कोल्हापूरची असून गेल्या ऑक्टोबरपासून पोलंडमधील क्राकूव शहरात, यागिएलोनियन विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. याच शहरात लहानाची मोठी झालेली माझ्या वर्गातील एक मुलगी दर रविवारी मला शहर दाखवत असे. एकदा तिने मला नोवा हुता या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत आपल्या आजोबांच्या घरीही नेले. तिथल्या एकसारख्या इमारती पाहून मला कंटाळा आला आणि तो बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसला. मागच्या महिन्यात आम्ही नदीपलीकडच्या पोद्गुझे भागात गेलो. तिथे एका चौकात धातूच्या मोठमोठ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी एका खुर्चीवर बसून हसत फोटो काढून घेतले आणि लगेच इन्स्टाग्रामवर टाकले. ती गप्प झाली, आणि तेव्हापासून वर्गात बोलत असली तरी रविवारचे नाव काढत नाही. मे महिन्यात आई-बाबा इथे येत आहेत आणि ‘माझी मैत्रीण तुम्हाला सगळे दाखवील’ असे मी त्यांना सांगून बसले आहे. ती माझ्याकडून कॉफीचेही पैसे घेत नाही, त्यामुळे मला आधीच ओशाळल्यासारखे होत होते. आता तिच्याशी कसे बोलू?

उत्तर : तू ज्या चौकात फोटो काढलेस तो ‘गेटोच्या वीरांचा चौक’ आहे. मार्च 1941 मध्ये नाझींनी क्राकूवमधील ज्यूंना पोद्गुझेतील मोजक्या रस्त्यांमध्ये कोंडले. त्या कोंडलेल्या वस्तीला गेटो म्हणत. 1942 मध्ये जून आणि ऑक्टोबर महिन्यांत याच चौकात माणसे गोळा करून त्यांना बेल्झेत्सच्या मृत्युछावणीकडे पाठवण्यात आले, आणि 13 व 14 मार्च 1943 या दोन दिवसांत उरलेली वस्तीही संपवण्यात आली. माणसे गेल्यावर त्यांच्या घरांतील खाटा, कपाटे आणि खुर्च्या या चौकात पडून राहिल्या होत्या. 2005 मध्ये उभारलेल्या त्या रिकाम्या खुर्च्या त्या सामानाची आणि ते वापरणाऱ्या माणसांची आठवण म्हणून आहेत. युद्धापूर्वी या शहरात सुमारे 60,000 ज्यू राहत होते, म्हणजे ढोबळमानाने दर चार माणसांमागे एक.

तुझ्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. चौकाच्या कडेला आणि ट्रामच्या थांब्यावर असलेल्या लहान खुर्च्यांवर लोक रोज बसतात, त्यामुळे तिथे बसणे हाच काही अपराध नव्हे. जागेची ओळख नसलेल्या माणसाला ते स्मारक आहे हे चटकन कळतही नाही, आणि तू मुद्दाम अनादर केला नाहीस हे तुझ्या पत्रातून स्वच्छ दिसते. तरीही तिला जे लागले ते खरे आहे. मला वाटते, केवळ फोटोपेक्षा तिला हे अधिक लागले असावे की ती सांगायला तोंड उघडणार तोच तू फोनकडे वळलीस, आणि ‘ही जागा कोणती’ असे एकदाही विचारले नाहीस. एखाद्या मुलीने तिला कोणी सांगितलेले नसताना आपले रविवार तुझ्यासाठी राखून ठेवले, तर तिची अपेक्षा बहुधा एवढीच असते की तू ऐकावेस.

म्हणून माफी माग, आणि ती समोरासमोर माग. संदेश पाठवू नकोस. आधी ते फोटो काढून टाक आणि त्याचा गाजावाजा करू नकोस. मग तिला गाठून थेट सांग की त्या चौकात काय घडले होते हे मला ठाऊक नव्हते, मी विचारायला हवे होते, मी वागले ते चुकले. त्यापुढे ‘आमच्याकडे सगळे असेच फोटो काढतात’ यासारखे एकही वाक्य जोडू नकोस, कारण सबब जोडलेली माफी ऐकणाऱ्याला माफी वाटत नाही. तिच्या घराण्याविषयी तर्कही करू नकोस. तिचे पूर्वज ज्यू होते का, युद्धात त्यांच्यातले कोणी गेले का, हे प्रश्न तिने स्वतः विषय काढल्याशिवाय विचारायचे नसतात. त्या शहरात अशा प्रश्नांची उत्तरे अनेक घरांत अर्धवट सांगितली गेली आहेत, तर काही घरांत कधीच सांगितली गेलेली नाहीत.

त्यानंतर त्या चौकात तू एकटी पुन्हा जा. चौकाच्या कोपऱ्यावर ‘गरुडाच्या चिन्हाखालील औषधालय’ नावाचे छोटे संग्रहालय आहे. ते तादेउश पांकिएविच या औषधविक्रेत्याचे दुकान होते. तो स्वतः ज्यू नव्हता, तरी गेटो असेपर्यंत तो आपले दुकान सोडून गेला नाही, आणि त्या दुकानातून लोकांना औषधांबरोबरच बातम्या आणि आसराही मिळत असे. ते बघून घे. आणि तू ज्या विद्यापीठात शिकतेस तिथेच 6 नोव्हेंबर 1939 रोजी नाझींनी व्याख्यानाच्या निमित्ताने प्राध्यापकांना एकत्र बोलावून 180 हून अधिक जणांना अटक केली आणि त्यांतील बहुतेकांना जर्मनीतील साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत पाठवले. ही अटक कोलेगियुम नोवुम या इमारतीत झाली. 1364 मध्ये स्थापन झालेल्या, कोपर्निकस जिथे शिकला त्या विद्यापीठाचा अभिमान तू आई-बाबांना फोनवर सांगत असशील. त्या अभिमानात हा दिवसही असू दे.

नोवा हुताचे तू पत्रात कंसात टाकावे तसे सांगितले आहेस, पण माझ्या मते तुमच्या दोघींमधली पहिली अढी तिथेच पडली. पर्यटकाला वावेलचा किल्ला कोणीही दाखवते. तासातासाला सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारे आणि मध्येच तुटणारे कर्ण्याचे सूर ऐकायला मुख्य चौकात कोणीही उभे राहू शकते. आजोबांच्या घरी मात्र माणूस ज्याला आपले मानतो त्यालाच नेतो. 1949 पासून उभारलेली ती वसाहत नव्या कम्युनिस्ट राजवटीला कामगारांचे आदर्श नगर म्हणून हवी होती आणि त्या नगरात चर्चला जागा ठेवलेली नव्हती. लोकांनी उभारलेला क्रूस 1960 मध्ये सरकार काढायला आले, तेव्हा तिथल्या माणसांनी रस्त्यावर उतरून पोलिसांशी झुंज दिली. पुढे त्यांनी स्वतःच्या श्रमांनी चर्च बांधले आणि 1977 मध्ये क्राकूवचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांनी त्याचे समर्पण केले. पुढच्याच वर्षी ते पोप झाले. तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी यातले काय काय पाहिले असेल हे त्यांना विचारायची संधी तुला घरबसल्या मिळाली होती, आणि ती अजून गेलेली नाही. माफी मागून झाल्यावर ‘मला पुन्हा आजोबांकडे यायचे आहे, त्यांना काही विचारायचे आहे’ असे तिला सांग. ती मुलगी मनातून मोकळी होईल असे मला फार वाटते.

पैशांविषयी तुला वाटणारा संकोच मी समजू शकते, पण कॉफीचा हिशेब चुकता करून तो जाणार नाही. तिला आपल्या खोलीवर जेवायला बोलाव आणि घरी करतेस तेच कर. बाहेर न्यायचे असेल तर ‘बार म्लेचनी’ ही साधी, स्वस्त, सरकारी अनुदानावर चालणारी खानावळ चांगली. तिथे विद्यार्थिनीने विद्यार्थिनीला जेवू घालणे कोणालाच जड जात नाही. बटाटा आणि पनीरसारखे सारण भरलेले ‘रुस्किए’ पिएरोगी तुला चालतील, मात्र शाकाहारी असशील तर त्यांवर डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका असे आधी सांग.

तू कोल्हापूरची आहेस, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हजारो कुटुंबे सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलली. त्यांतून सुटलेल्यांपैकी सुमारे 5,000 जण, मुख्यतः बायका आणि मुले, इराणमार्गे येऊन 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, आणि शहरातील महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या कोणा वडीलधाऱ्यांना याविषयी विचारून ठेव आणि एखाद्या रविवारी तिला ते सांग, कारण आजवर सगळे सांगणे तिच्याच वाट्याला आले आहे. माफी मागताना मात्र हे अजिबात काढू नकोस. तुझ्या गावाने केलेला पाहुणचार तुझ्या चुकीच्या बदल्यात पुढे करणे तिला फार खटकेल, आणि ते योग्यही नाही.

राहता राहिले आई-बाबा. तिला न विचारता तू त्यांना शब्द दिलास, तो आजच मागे घे. फोन करून सांग की शहर मीच दाखवीन आणि मैत्रिणीला सवड असेल तर ती एक दिवस आपल्याबरोबर जेवायला येईल. तिच्याकडे मागायचे तर एवढेच माग. सुमारे 65 किलोमीटरवरील आउशविट्झला, नाझींच्या मृत्युछावणीच्या जागी, त्यांना नेणार असशील तर तिला सोबत चल म्हणू नकोस. तिथल्या संग्रहालयाच्याच मार्गदर्शकाची भेट आधी नोंदवून ठेव. वियेलिच्काच्या मिठाच्या खाणीत सुरुवातीलाच सुमारे 380 पायऱ्या उतराव्या लागतात आणि पुढेही बऱ्याच आहेत, तेव्हा आई-बाबांच्या गुडघ्यांचे विचारून मगच तिकिटे काढ. आणि मैत्रिणीशी बोलायला मे महिन्याची वाट पाहू नकोस, नाहीतर आई-बाबा येणार म्हणूनच तू आलीस असे तिला वाटेल. याच आठवड्यात, तास सुटल्यावर तिला गाठ.