वहिनीला दुसरा महिना लागलाय, थायरॉईड आणि बीपीच्या गोळ्या बंद कराव्यात का?

तुम्ही कर्नाटकातल्या खानापूरहून (बेळगाव जिल्हा) विचारलंय. आधी हेच सांगते, स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पण उद्याच डॉक्टरांकडे जा, महिन्याच्या तपासणीची वाट बघू नका.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, गरोदरपणात चालते, नव्हे लागतेच. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं, त्यामुळे डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत नि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवंच. हे आमच्याकडे कुणी सांगितलंच नव्हतं!

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा प्रश्न तिथंच आहे. पट्टीवर एनालाप्रिल, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल तर ती बदलावी लागते, बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात.

बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्या पट्ट्या आणि तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदीचं कार्ड) सोबत न्या. कन्नड येत नसेल तर आशाताईंना बरोबर घ्या, पण अर्धवट समजून घरी येऊ नका. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक मात्र आणू नका.