टीपीतल्या बागेसाठी माणशी किती चौरस मीटर मागायचे?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की बडोद्यात तुमच्या बाजूची ड्राफ्ट टीपी स्कीम (जमिनी एकत्र करून रस्ते, बागा काढून प्लॉट नव्याने आखायच्या नगररचना योजनेचा मसुदा) प्रसिद्ध झाली आहे, सात-आठ सोसायट्यांनी मिळून बागांबद्दल पत्र द्यायचं ठरवलंय, आणि माणशी ९ चौ.मी. मागायचे की १० यावर ग्रुपवर जुंपली आहे. हे भांडण चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ओपी (मूळ प्लॉट), एफपी (स्कीममध्ये त्याबदली मिळणारा अंतिम प्लॉट), फॉर्म एफ (प्लॉटांची क्षेत्रफळं आणि रकमांचा तक्ता) ही भानगड तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी वकील नाही, कलमं एकदा जाणकाराला दाखवून घ्या.

आकड्याच्या आधी तारीख बघा. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर म्हणजे डीपीवर हरकत द्यायला दोन महिने आहेत (कलम १३). टीपीच्या ड्राफ्टवर मात्र प्रसिद्धीपासून एकच महिना (कलम ४७). आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका कचेरीच्या खिडकीवर ‘बे महिना छे, निरांते आपजो’ (दोन महिने आहेत, सावकाश द्या) असं ऐकलं आणि खरंच निरांते बसलो. सांगणारा डीपीचं बोलत होता. दोष निम्मा त्याचा आणि निम्मा आमचा, कारण जाहिरात कोणीच स्वतः नीट वाचली नव्हती. पाच महिने खपून केलेला नकाशा मुदत टळल्यावर पोचला तर त्याची किंमत रद्दीची. पुढे टीपीओच्या (नगररचना अधिकाऱ्याच्या) सुनावण्या असतात, पण तिथे माझ्या मते ज्याचा त्याचा एफपी आणि ज्याची त्याची रक्कम एवढाच विषय असतो, बागेची जागा हलवणं जवळजवळ अशक्य.

दुसरी गोष्ट त्याच कलमातली. हरकत ‘बाधित व्यक्ती’ने द्यायची आहे. दोनशे सह्यांचं ‘समस्त रहिवासी’ छापाचं पत्र सहज बाजूला सारता येतं. त्यापेक्षा वीस जणांनी आपापला सर्व्हे नंबर आणि एफपी नंबर घालून वीस वेगळ्या वांधा-अरज्या (हरकतीचे अर्ज) द्याव्यात.

आता तुमचं ९ की १०. ९ हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर सगळीकडे फिरतो. त्या संघटनेच्या युरोप शाखेने खरी कामाची सांगितलेली गोष्ट वेगळी आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा. केंद्राच्या २०१४ च्या यूआरडीपीएफआय या शहर-नियोजनाच्या मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौ.मी. आहे, पण तो अख्ख्या शहराचा हिशेब, मोठी उद्यानं धरून. वस्तीच्या पातळीवर तिथेच ५,००० लोकांना अर्ध्या हेक्टरची बाग आणि १५,००० लोकांना एक हेक्टरची असं आहे.

हे १०० हेक्टरच्या टीपीला लावून बघा. कलम ४० प्रमाणे बागा-मैदानांना ५ टक्के, म्हणजे ५ हेक्टर. हेक्टरी १५० माणसं धरली तर वस्ती १५,०००, माणशी ३.३ चौ.मी. पडतात. १० मागणं म्हणजे १५ टक्के जमीन मागणं, पत्र फायलीत जाणार. उलट वस्तीच्या पातळीची गरज अर्ध्या हेक्टरच्या तीन बागा आणि एक हेक्टरची एक, मिळून अडीच हेक्टर. म्हणजे जागा आहे! फ्लॅटांमुळे वस्ती ३०,००० वर गेली की मात्र गरजही ५ हेक्टर होते आणि एक मीटरही वाया घालवून चालत नाही.

वाया कसा जातो ते फॉर्म एफ आणि नकाशा शेजारी ठेवून बघा. बेरीज ५ टक्के बरोबर येते. पण तुकडे? कांसेच्या (पावसाळी पाण्याच्या नाल्याच्या) कडेला ९ मीटर रुंद आणि २२० मीटर लांब पट्टी, नाव ‘गार्डन’, क्षेत्रफळ १,९८० चौ.मी. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये दोन मीटरची वाट, राहिली सहा मीटर. तिथे शिरीष लावला तर दहा वर्षांत फांद्या शेजारच्या गॅलरीत, मग दर पावसाळ्याआधी छाटणी. मुलांना चेंडू खेळायला जागा शून्य. तसंच हाय टेन्शन लाइनखालचं. ६६ केव्हीला १८ मीटर आणि २२० केव्हीला ३५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवावाच लागतो, उंच झाडं चालत नाहीत, बांधकाम तर नाहीच. जी जमीन एरवीही कोणाला वापरता आली नसती ती बाग म्हणून मोजली जाते, आणि रुंद रस्त्याच्या कोपऱ्यावरचे चौकोनी प्लॉट प्राधिकरणाने विकायला राखलेल्या १५ टक्क्यांत जातात. त्याला पैसा तिथूनच उभा करायचा असतो, त्यामुळे हे आपोआप घडतं, कोणाचा कट लागत नाही.

म्हणून माझं मत असं (पटलं तर घ्या): माणशी आकडा पत्रात एका ओळीत उरका. जोर तुकड्यांवर द्या. बाग ५,००० चौ.मी.पेक्षा लहान नको, रुंदी कुठेही ३० मीटरखाली नको, निदान दोन बाजूंना रस्ता हवा. कांसेचा काठ आणि लाइनखालची जमीन ५ टक्क्यांत न धरता वेगळी दाखवा. सोसायटीचा कॉमन प्लॉटही धरू देऊ नका, त्याला फाटक असतं आणि फाटकाशी वॉचमन. आणि ३०० मीटर बागेच्या दारापासून चालत मोजा. नकाशावर वर्तुळ काढलं की कांसेपलीकडची घरंही आत येतात, पूल मात्र अर्ध्या किलोमीटरवर असतो.

‘शहरात कमाटीबाग आहेच की’ हे उत्तर मिळेल. १०० एकर म्हणजे ४० हेक्टर धरा, २०११ च्या जनगणनेतली वस्ती साधारण पावणेसतरा लाख. भागून माणशी पाव चौरस मीटर येतं, जेवायचा पाट मांडण्याइतकं.

टक्के बदलता येत नाहीत असंही कोणी सांगेल. कायद्यात लेखी कारणं नोंदवून ते बदलायची सोय आहे, वरही आणि खालीही, म्हणून ‘कमी केले असल्यास कारणांची प्रत द्यावी’ हे वाक्य अरजीत घालाच.

जाता जाता: लॉनचा हट्ट धरू नका. आपल्या मे महिन्यात लॉनला चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. अर्ध्या हेक्टरच्या लॉनला २५,००० लिटर, म्हणजे रोज अडीच टँकर. कडुनिंब, करंज आणि मधे मोकळी माती पुरे.

अरज्या गुजरातीत द्या, प्रत्येकीला एफपी नंबर रंगवलेली नकाशाची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ म्हणाले तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्ट करा.