वापरबदलाच्या सुनावणीला बसण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवासी विभागातील भूखंड वाणिज्य विभागात समाविष्ट करून तेथे कार्यालयांची इमारत उभारण्याच्या प्रस्तावावर आलेल्या हरकतींची सुनावणी होणार असून तिचा अहवाल तुला लिहायचा आहे, हे कळले. काम लहान दिसत असले तरी त्याला पूर्ण वेळ दे, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, फेरबदल करायचा झाल्यास राजपत्रात नोटीस प्रसिद्ध करावी लागते, हरकती व सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत असते, बाधित व्यक्तींना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्यानंतरच प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी जातो. शेजारच्या सोसायटीतील माणसाला बोलण्याचा हक्क कायद्याने दिला आहे तो या टप्प्यावर. पुढे बांधकाम परवानगीच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही. परवानगीच्या आदेशाविरुद्ध कलम ४७ खालचे अपील फक्त अर्जदाराला करता येते. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, पण तिच्यातील जनसुनावणीतून इमारत प्रकल्प वगळलेले आहेत. मग त्याच्यासमोर बहुधा उच्च न्यायालयाचाच दरवाजा उरतो, आणि तो खर्च चाळीस सदनिकांच्या सोसायटीला झेपेलच असे नाही. म्हणून ही सुनावणी उरकून टाकण्याची बाब नाही.

अर्जासोबत जोडलेले रंगीत दर्शनी चित्र बाजूला ठेव. विकासक प्रामाणिक असेलही, परंतु फेरबदलाने मंजूर होतो तो भूखंडाचा वापर. चित्रातली झाडे, कारंजे आणि मागे सोडलेली मोकळी जागा मंजूर होत नाही. उद्या भूखंड विकला गेला तर नवा मालक त्या विभागात नियमांनी जे जे चालते ते सर्व मागू शकतो. तेव्हा बांधकामाचे नियम देणारी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली उघडून त्या रस्तारुंदीवर जास्तीत जास्त किती चटईक्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम), किती उंची आणि कोणकोणते वापर अनुज्ञेय होतील ते मांड, आणि मत त्या कमाल शक्यतेवर बनव. नियमावलीत निवासी विभागातही पुरेशा रुंद रस्त्यावर काही प्रमाणात कार्यालये चालतात, हेही तपासून पाहा. मग वाणिज्य विभागच कशासाठी हवा आहे, हा प्रश्न अर्जदाराला विचारता येतो आणि त्याच्या उत्तरातून पुष्कळ गोष्टी उघड होतात.

जागेवर दोनदा तरी जा: एकदा सकाळी शाळेच्या बसच्या वेळी आणि एकदा रात्री. नकाशात १८ मीटरचा दाखवलेला डीपी रस्ता (विकास योजनेत आखलेला रस्ता) जागेवर कोठे संपतो ते स्वतः चालून पाहा. भूसंपादन अडल्यामुळे असे रस्ते एखाद्या भिंतीपाशी थांबलेले असतात, आणि मग कार्यालयाची सगळी वाहने सोसायटीच्या अंतर्गत रस्त्याने जाऊ लागतात. टेप लावून रुंदी मोज, कुंपणाला लागून उभ्या दुचाक्या वजा कर आणि राहिलेल्या जागेतून अग्निशमन दलाची गाडी वळते का ते पाहा. तळघरातील वाहनतळाचा रॅम्प कोणत्या बाजूला उघडतो, जनरेटर आणि वातानुकूलनाची यंत्रे कोणाच्या शयनगृहासमोर येतात, पावसाळी पाणी कोणत्या नाल्यात जाते, हे सारे नकाशावर पेन्सिलीने टिपून घे. कार्यालये रात्री बंद असतात, हा युक्तिवाद तपासल्याशिवाय स्वीकारू नकोस. परदेशी वेळेनुसार चालणाऱ्या पाळ्यांच्या गाड्या मध्यरात्रीनंतरही येत-जात असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि वाणिज्य क्षेत्रासाठी ५५ डेसिबल आहे. भिंतीच्या एका बाजूचा विभाग बदलला तरी दुसऱ्या बाजूला झोपलेल्या माणसाचा हक्क ४५ चाच राहतो.

हरकतींत सर्व प्रकारचे मुद्दे येतील. बाहेरची माणसे येतील, आमच्या घरांचे भाव पडतील, अशा हरकतींवर नियोजनाच्या दृष्टीने फारसे काही करता येत नाही, पण त्या ऐकून घे आणि नोंदव. घराजवळ रोजगार असणे शहराच्या हिताचे आहे, यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे प्रत्येक कार्यालय म्हणजे संकट, असे गृहीत धरून बसू नकोस. परंतु एखादी वृद्ध बाई चुरगळलेल्या कागदावर लिहून आणेल की पावसात आमच्या जिन्यापर्यंत पाणी येते, तेव्हा ते वाक्य वकिलाने लिहून दिलेल्या दहा पानांपेक्षा अधिक काळजीने वाच आणि जागेवर जाऊन खरे-खोटे कर.

कर्नाटकातील उडुपीचे एक प्रकरण मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला वाचायला सांगतो. तेथील नगरपालिकेने निवासी भागात चित्रपटगृहाला परवानगी दिली आणि एक रहिवासी न्यायालयात गेला. इमारतीवर पैसा खर्च झाला असेल म्हणून बेकायदा ठराव टिकवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ठरवले. योजनेतील विभाग रहिवाशांच्या हितासाठी आखलेले असतात, ही भूमिका त्या निकालातून आली आहे.

शिफारस अनुकूल असेल तर अटींसह कर, कारण कलम ३७ खाली शासन अटी घालून मंजुरी देऊ शकते. अटी अशा लिही की भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरात आणण्याच्या परवानगीच्या, वेळी कनिष्ठ अभियंत्याला त्या जागेवर तपासता आल्या पाहिजेत. ‘वाहतुकीची योग्य व्यवस्था करावी’ असे लिहिण्याऐवजी, डीपी रस्ता वापरात येईपर्यंत भोगवटा देऊ नये, अंतर्गत रस्त्याकडे फाटक ठेवू नये, जनरेटर सोसायटीच्या विरुद्ध बाजूस बसवावा, असे स्पष्ट लिही. प्रत्येक हरकतीपुढे तिचे उत्तर आणि त्याला आधार असलेले मोजमाप दे. फेरबदलाने योजनेचे मूळ स्वरूप बदलत असेल तर तो कलम ३७ मध्ये बसत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदव, मग वरिष्ठांचे मत काहीही असो. मसुदा तयार झाला की मला पाठव. त्यासोबत रस्त्याच्या मोजमापाचा तक्ताही असू दे.

तुझा हितचिंतक