‘मीच अजून सावरलो नाही, दुसऱ्याला काय सांगणार?’

आरोग्यसंस्थेकडून पियर हेल्थ कोच, म्हणजे आपल्यासारख्याच माणसांना दवाखान्यापर्यंत सोबत करणारा, म्हणून काम कराल का, अशी विचारणा होते. मनातून करायचं असतं, पण पाय मागे येतात. मग समुपदेशनाला माझ्यासमोर बसून वरचा प्रश्न येतो. किती गे तरुणांकडून ऐकला असेल! त्यांच्यासाठी समीरची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, परवानगी त्याची आहे.

समीर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला, २७ वर्षांचा. अंगावर पुरळ आलं म्हणून दवाखान्यात गेला आणि आपण गे आहोत हे विश्वासाने सांगून बसला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे सरकवली. “घरी माहीत आहे?” एवढंच विचारलं. तपासलं नाही. चिठ्ठीवर फक्त नाव आणि तारीख. ती कोरी चिठ्ठी तो मोबाईलच्या कव्हरमागे घडी करून ठेवायचा. पुढे दोन वर्षं त्याने दवाखान्याची पायरी चढली नाही.

पहिल्या काही भेटी त्या चिठ्ठीभोवतीच गेल्या. मी घाई केली नाही. माणसाचं उत्तर त्याच्यापाशीच असतं, आपण जागा करून द्यायची, यावर माझा भरवसा आहे. पाचव्या भेटीत विचारलं, “त्या दिवशी शेजारी कुणी असतं, तर त्याने काय सांगायला हवं होतं?”

बराच वेळ तो गप्प. पंख्याची घरघर तेवढी.

“काही सांगायला नको होतं, मॅडम. ‘चल, मी पण आत येतो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

तो बघतच राहिला. मग डोळे भरून आले. आधी त्याने बरं व्हावं, मग कामाला लागावं, असं मलाही वाटायचं. त्या दुपारी मी ते सोडून दिलं.

बाकीचं शिकता येतं. एचआयव्ही चाचणीला संमती लागते, निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदाच आहे. १९८९ मध्ये याच गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस डांबलं होतं, तेव्हा हे शब्द आपल्याला हलके वाटू नयेत. असुरक्षित लैंगिक संबंध आला तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. एचआयव्हीविषयीची १०९७ हेल्पलाइन मोफत आहे. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचं. आणि स्वतःची कहाणी सांगायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. गावात कळेल ही भीती असेल तर दुसरा तालुका मागा. समीरने डिचोली मागितली.

शेवटच्या भेटीला तो वीस मिनिटं उशिरा आला. एका मुलाला घेऊन चाचणी केंद्रावर गेला होता.

“आत गेला तो?”

“गेला. आधी मी गेलो, मग तो आला.”