प्रकल्प अहवाल तयार असताना वेगळा विपणन आराखडा कशासाठी करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे, की लोणची-पापडाच्या उद्योगासाठी सल्लागाराकडून प्रकल्प अहवाल करून घेतला आहे, त्यात ‘विपणन’ नावाचे प्रकरणही आहे, तर मग आणखी वेगळा विपणन आराखडा कशाला. तो हवाच, कारण ते प्रकरण गिऱ्हाइकाचा विचार करून लिहिलेले नसते, बँकेसाठी लिहिलेले असते. प्रकल्प अहवाल म्हणजे व्यवसाय आराखडा: पैसा कोठून येणार, कशात अडकणार आणि हप्ता कशातून फिटणार याचा पाच-सात वर्षांचा हिशेब. विपणन आराखड्यात माल कोण उचलणार, किती वजनाच्या पाकिटात आणि कोणत्या भावाने, एवढेच असते आणि तो दर हंगामाला बदलावा लागतो. पहिल्यातला विक्रीचा आकडा दुसऱ्यातून यायला हवा. प्रत्यक्षात हप्ता आणि व्याज फिटेल असा आकडा आधी बसवतात, मग पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८० असे चढते उत्पादन दाखवतात आणि अहवाल हातात देतात. बाजारात जाऊन त्यांतला एकही आकडा कोणी आणलेला नसतो.

कऱ्हाडजवळ आमचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे. माझे पती, थोरले दीर आणि मी असे तिघे भागीदार आहोत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून आम्ही कर्ज घेतले. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये अनुदान होते. आमच्या अहवालात ‘सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत उत्पादनास मोठी मागणी आहे’ असे वाक्य होते आणि ते खोटेही नव्हते. या भागात चटणीवाचून (कांदा-लसूण मसाल्याला इकडे चटणीच म्हणतात) कोणाचे पान हलत नाही, परंतु म्हणूनच येथे ती सहसा कोणी विकत घेत नाही. उन्हाळा लागला की ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, कांदा-खोबरे भाजायचे आणि डंकावर, म्हणजे मिरची कुटण्याच्या यंत्रावर, नंबर लावून वर्षाची चटणी करून आणायची, ही घरोघरची रीत आहे. आमचा कारखाना सुरू झाल्यावरही सासूबाईंनी घरची चटणी डंकावरूनच करून आणली. मागणीचा याहून स्पष्ट अहवाल मला तरी माहीत नाही.

पाकीट घेणारे गिऱ्हाईक पुणे-पिंपरीत आहे, असे मी पहिल्यापासून सांगत होते. इकडून गेलेल्या ज्या कुटुंबांना मिरची वाळवायला गच्ची नाही आणि ज्या खानावळी आपल्याकडच्या पोरांना जेवू घालतात, त्यांच्यासाठी हा माल आहे. दिरांचे उत्तर ठरलेले असे: बँकेने मंजूर केलेला अहवाल आहे, त्यात पुण्याचे नाव नाही. त्यांनी जिल्ह्यासाठी वितरक नेमला.

त्यानंतर भावाचा घोळ समोर आला. २०० ग्रॅमच्या पाकिटाची छापील किंमत १२० रुपये होती आणि अहवालात तीच आमचा विक्रीभाव म्हणून धरलेली होती. दुकानदाराने त्यातले २० टक्के ठेवले की ९६ उरतात, वितरकाचे ८ टक्के गेले की ८८, आणि त्यातून ५ टक्के जीएसटी वजा केला की हाती ८४ रुपये येतात. पाकीट तयार करायला ७६ रुपये लागत होते. उरलेल्या आठ रुपयांत गाडीभाडे, परत आलेला माल आणि व्याज. त्यातच वितरकाला उधारी हवी होती, आणि आमचे खेळते भांडवल हंगामात एकदम भरलेल्या मिरचीत अडकलेले होते. काचेच्या बरणीसारखी आरपार दिसणारी पाकिटे दुकानात उजेडाला टांगून ठेवल्यामुळे पावसाळ्यानंतर रंग उडून परत येऊ लागली, तेव्हा कोठे मी विपणनाचा आराखडा लिहून ठेवलेली वही उघडली गेली. तिच्यात एका पानावर खानावळींसाठी एक किलोचे साधे पाकीट, रोखीचा भाव आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीचे दिवस एवढेच लिहिलेले होते. आज आमचा बहुतेक माल त्या पानाप्रमाणे जातो. दिरांच्या मते त्या वर्षी मिरचीला रंग चांगला लागला म्हणून तो खपला. मिरची दोन्ही वर्षे ब्याडगीच्याच बाजारातली होती.

म्हणून तुम्हाला सांगते, की कागदावर बँकेचा शिक्का आहे म्हणून गिऱ्हाइकाने तो वाचलेला आहे असे समजणाऱ्या भागीदाराशी वेळीच भांडा. अहवाल सादर करण्याआधी निदान चार दुकानदारांना आणि दोन वितरकांना मार्जिन, उधारीचे दिवस आणि खराब मालाची परतफेड विचारा, आणि तेच आकडे सल्लागाराला वापरायला लावा. अहवालातील नफा त्यामुळे आटेल आणि सल्लागार कुरकुर करील, परंतु हप्ता त्याला भरायचा नाही.

अर्थात प्रकल्प अहवाल निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. त्याशिवाय कर्ज आणि अनुदान मिळणार नाही, आणि हंगामात मिरची भरायला पैसा किती लागेल हे आम्हाला त्यातूनच कळले. तुम्ही एखाद्या मोठ्या कंपनीला तिच्याच नावाने पापड लाटून देणार असाल, तर वेगळा विपणन आराखडा सध्या नसला तरी चालेल, मात्र त्या कंपनीचे पैसे किती दिवसांनी येणार हे लेखी घ्या. लोणच्याचे मला फारसे कळत नाही, पण कैरीही हंगामातच भरावी लागते, तेव्हा भांडवल अडकण्याचे गणित आमच्यासारखेच असणार.