दोन पेग घेतले की डोळ्याचं प्रेशर उतरतं ना?

काचबिंदूचे (डोळ्यातल्या दाबाने बहुधा डोळ्याची नस खराब होत जाते, तो आजार) पेशंट हा प्रश्न बहुधा बायको बाहेर गेली की हळूच विचारतात. नागपूरच्या कळमना मार्केटात अडत असलेल्या एका भाऊंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो बायकोसमोरच विचारला. "मॅडम, दोन पेग मारले का डोये हलके वाटते. मोबाइलवर बी लिवलं हाय, दारूनं प्रेशर उतरते म्हून. मंग सोडाची काहून?"

त्यात खोटं काही नव्हतं. दारू घेतल्यावर डोळ्यातला दाब थोडा उतरतो, पण काही तासच. रोज पिणाऱ्यांचा दाब उलट जरा जास्तच आढळतो. आणि काचबिंदूत डोळ्याची नस जपायची ती वर्षानुवर्षं, एका संध्याकाळपुरती नाही.

मी डॉक्टर नाही, ओपीडीत पेशंटशी बोलते. मी विचारलं, "संध्याकाळच्या ओपीडीला येताना थोडी घेऊन येता का?" भाऊ गप्प. वहिनी म्हणाल्या, "घेतल्याशिवाय येतच नाही हे. तपासणीचं टेन्शन येते म्हनते." दाब साधारण 10 ते 21 (मिमी पारा) च्या दरम्यान असला तर बरा मानतात. यांचा 16 आला होता. तो यांचा की पेगचा, कोण सांगणार!

मग मी थेंबांची बाटली मागितली. वहिनींनी पर्समधून काढली. उघडल्याची तारीख त्यांनीच पेनाने लिहून ठेवली होती. हा थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचा असतो. दोन महिने होत आले होते आणि उजेडात धरली तर बाटली अर्धी भरलेली! रात्री नऊचा थेंब, भाऊ घरी येणार दहाला, तेही झोकात. "तसेच झोपते, थेंब कोन घालते?" माझ्या मते दारूचं खरं नुकसान इथे आहे. गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही, आणि चुकलेला थेंब दुखत-खुपत नाही, त्यामुळे कळतही नाही.

बिडीबद्दल विचारलं तर भाऊ खुशीत म्हणाले, "ते कवाच सोडली!" खिशातून खर्र्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी डोकावत होती. धूम्रपानाने काचबिंदू होतोच का, यावर संशोधकांचं एकमत नाही. मोतीबिंदू आणि पडद्याच्या झिजेचा धोका मात्र त्याने नक्की वाढतो. खर्रा चघळला तरी निकोटिन रक्तात उतरतंच आणि रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय जुन्या बिडीवाल्याला खोकला, दम असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण काचबिंदूच्या टिमोलॉलसारख्या थेंबांनी दम वाढू शकतो.

पहिल्याच दिवशी सगळं सोडा म्हटलं की पेशंट पुन्हा फिरकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हावं. म्हणून आधी थेंब धरला. डॉक्टरांना विचारून त्याची वेळ सातची केली, पहिल्या पेगच्या आधीची. आणि तपासणीला कोरडं यायचं ठरलं.

पुढच्या खेपेला दाब 24 निघाला. भाऊ वैतागले. "कमी केली त वाढला की जी!"

"वाढला नाही भाऊ, आधी लपला होता."

डॉक्टरांनी दुसरा थेंब जोडला, आणि काचबिंदू घराण्यात चालू शकतो म्हणून त्यांच्या धाकट्या भावालाही तपासायला आणायला सांगितलं. खर्र्यासाठी तंबाखू क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा) 1800-11-2356 हा नंबर वहिनींनी लिहून घेतला आहे. भाऊंनी अजून लावलेला नाही.