झुंबाला नव्याने येणाऱ्या मैत्रिणीला

झुंबाला, म्हणजे गाण्यावर नाचत व्यायाम करायच्या वर्गाला, येतेस म्हणालीस, फार बरं वाटलं. वजन जास्त आहे म्हणून मागच्या रांगेत लपू नकोस. मधे उभी राहा, तिथून शिकवणारीचे पाय दिसतात. सुरुवातीला पायच बघ, हात मागाहून येतात. गणेश चवथीला फुगडी घालतेस ना? मग ताल अंगात आहेच.

गुडघ्यांना मात्र पहिल्या दिवसापासून जप. सगळ्या उड्या मारतील तेव्हा तू त्याच तालावर पाऊल बाजूला टाक. वळताना पाय रोवून गुडघा पिळायचा नाही. टाच उचलून चवड्यावर वळ. गुळगुळीत लादीवर घाम सांडला की पाय सरकतो, म्हणून बूट हवेतच. छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घे, तिथे काटकसर नको. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागू दे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं असा व्यायाम सांगते.

आपल्या दमट हवेत घाम भरपूर येतो. वर्गानंतर काट्यावर घटलेलं दिसतं ते पाणी, प्यायलीस की परत येतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा कंबर मोज. नुसत्या नाचाने वजन फारसं उतरत नाही, हेही आताच सांगते. हुमण-शीत, म्हणजे आपली माशाची आमटी नि भात, सोडू नकोस, दुसऱ्यांदा भात घेणं सोड. वर्गातून परतताना बन्स आणि मिरची-भजी नको.

सोमवारी थोडी लवकर ये, शिकवणारीला तुझ्या गुडघ्यांचं सांगून ठेवू.